आडवे कोण झाले?

बुलढाणा जिल्ह्यातील ज्या घरात एकच पोथी असते, त्या घरात ती बहुधा 'गजानन विजय' असते. एकवीस अध्यायांच्या या ग्रंथातला नववा अध्याय पुष्कळांना तोंडपाठ असतो, आणि त्यातला घोडा तर ज्यांनी पोथी कधी उघडली नाही त्यांनाही ठाऊक असतो. गोविंदबुवा टाकळीकर नावाचे कीर्तनकार शेगावला येतात, मोट्यांच्या शिवमंदिरात उतरतात. त्यांचा घोडा अतिशय द्वाड. रात्री गजानन महाराज जाऊन त्या घोड्याच्या चार पायांमध्ये निजतात आणि घोडा शांत होतो. कथा इतकी लहान आहे की ती सांगून झाल्यावर वाचायचे काही उरले आहे असे कुणाला वाटतच नाही. आमची तक्रार तिथूनच सुरू होते.

भाविकाने या कथेपुढे हात जोडले की त्याचे काम संपते. जे चमत्काराने घडले ते आपल्याला करावे लागत नाही, ही चमत्काराची फार मोठी सोय आहे. विवेकवाद्याचे काम त्याहून सोपे. चमत्कार म्हटला की खोटा, आणि खोटा म्हटला की पान उलटायचे. उरले आमच्यासारखे वाङ्मयाचे टीकाकार. पोथीला साहित्य म्हणावे की म्हणू नये या प्रश्नात ते गेली कित्येक वर्षे इतके गढून गेले आहेत की पोथी वाचायला त्यांना सवड झालेली नाही. या तिन्ही पक्षांचे आपसांत कडाक्याचे भांडण आहे, पण एका बाबतीत त्यांचे पूर्ण एकमत दिसते. त्यांपैकी कुणीही घोड्याकडे पाहिलेले नाही.

एक गोष्ट आधीच स्पष्ट केलेली बरी. दासगणूंनी (१८६८–१९६२) हा ग्रंथ १९३९ मध्ये पूर्ण केला. महाराजांनी ८ सप्टेंबर १९१० रोजी देह ठेवला होता. म्हणजे मधे सुमारे तीन दशके गेली. ती रात्र कवीने ऐकलेली आहे, पाहिलेली नाही. साक्षीपुराव्याचा प्रश्न ज्यांना जिव्हाळ्याचा आहे त्यांनी तो आपापल्या घरी सोडवावा. आम्ही मजकुराविषयी बोलत आहोत, आणि मजकुरात जे आहे ते त्या रात्रीबद्दल काहीच न सांगणाऱ्या शंभर पुराव्यांहून अधिक बोलके आहे.

मजकुरात काय आहे? घोड्याचे दुर्गुण आहेत. तो लाथा मारतो, चावतो, सुटून रानात पळतो, रात्रंदिवस खिंकाळतो. त्याला बांधण्यासाठी लोखंडी साखळ्या करवून घेतलेल्या आहेत. पण त्या शेगावला आणायच्या राहिल्या आहेत, म्हणून त्या रात्री घोडा कसाबसा दोराने बांधलेला आहे. कवीला हा तपशील देण्याची काही गरज नव्हती. चमत्कार मोठा करायचा असता तर साखळ्या तुटताना दाखवता आल्या असत्या. पण घोडा शांत झाला त्या रात्री साखळी गावाकडे राहिलेली होती, ही गोष्ट कवीने सरळपणे नोंदवून ठेवली आहे आणि तिच्यावर काही भाष्य केलेले नाही. कवीला तिचे महत्त्व कळले होते की नाही, हा प्रश्न आम्ही खुला ठेवतो.

आणि मजकुरात काय नाही? तो घोडा असा का झाला, हे नाही. एका ओळीतही नाही. हे मात्र एकट्या दासगणूंचे वैगुण्य नव्हे. ते आपल्या भाषेचेच आहे. द्वाड, खोडकर, अडेल, लाथाळ, चावरा, बुजरा, अशी घोड्याची विशेषणे मराठीत वाटेल तेवढी सापडतील, आणि त्यांतले प्रत्येक विशेषण दोष घोड्याच्या अंगी चिकटवून मोकळे होते. घोड्याला कुणीतरी तसे केले असेल, असे सुचवणारा शब्द शोधू लागलो तर आमच्या हाती काही लागत नाही. क्रियापदेही बघा: वठणीवर आणणे, रग जिरवणे, लगाम घालणे. ही सारी आपण पुढे सुना, विद्यार्थी आणि विरोधक यांच्यासाठीही वापरली. बाजारात घोडा घेणारा जाणकार आजही आधी भोवरे पाहतो. गळ्याखाली देवमण असला की घोडा लक्ष्मी आणतो, अमुक ठिकाणी भोवरा असला की धन्याला खातो. केसांचा भोवरा कुठल्या दिशेने वळला हे बोट फिरवून तपासणारा तो जाणकार, ओठांच्या कोपऱ्यात लगामाने पडलेला घट्टा त्याच बोटाखालून जात असताना, त्याबद्दल चकार शब्द काढीत नाही. भोवरा म्हणजे नशीब. घट्टा म्हणजे माणूस. नशिबाविषयी बोलणे केव्हाही सोयीचे.

आता हा घट्टा आम्ही कुठे पाहिला ते सांगतो.

खामगाव तालुक्यातील एका कोरडवाहू शेतकऱ्याकडे आमचे जाणे-येणे आहे. त्यांचे नाव इथे देत नाही. त्यांची तशी इच्छा नाही. एका आषाढात त्यांनी एक घोडी घेतली. दुधाचे पुढचे दोन दात पडून त्यांच्या जागी नवे आलेले, म्हणजे वय तीनच्या आसपास. वरातीत नाचवण्यासाठी तिला तयार केली जात होती. लग्नसराईच्या अखेरीस तिने एका नवरदेवाला खाली टाकले, आणि मग ती कुणालाच नको झाली. म्हणून स्वस्तात मिळाली. चारही पायांवर, खुरांच्या जरा वर, दोर काचल्याचे गोल वण होते. ओठांचे दोन्ही कोपरे फाटून पुन्हा जुळलेले. तिच्याजवळ उभे असताना कुणी डोके खाजवायला हात वर केला, तरी ती मान झटकून मागे सरके. डाव्या बाजूने, म्हणजे ज्या बाजूने स्वार चढतो तिकडून, ती कुणालाच येऊ देत नसे. तिकडून कुणी आले की पुठ्ठा फिरवी. उजवीकडून त्या मानाने बरे होते. तिने आपल्या जगाचा नकाशा काढलेला होता आणि आमच्या मते तो बिनचूक होता.

आम्ही पहिल्याच भेटीत मोठी चूक केली. हातात गुळाचा खडा घेऊन, तिच्या डोळ्यांत डोळे घालून, तोंडाने गोड गोड बोलत सरळ समोरून गेलो. प्रेमाने जवळ जाणे याचा दुसरा काही अर्थ आम्हाला ठाऊक नव्हता. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. त्याला जवळजवळ चहूकडचे दिसते, पण कपाळासमोर अगदी जवळचे आणि शेपटीमागचे दिसत नाही. त्यामुळे नजर रोखून सरळ समोरून चालत येणारा प्राणी हा त्याच्या दृष्टीने एकाच कामासाठी येत असतो. घोडी गोठ्याच्या भिंतीला जाऊन भिडली आणि तिच्या लाथेने पत्र्याचे टिपाड पार चेपले. आमच्यामागे उभे असलेले गृहस्थ शांतपणे म्हणाले, "घाई काहून करता भाऊ? तिले कुठी जायचं हाये?"

त्यांची रीत अशी होती. सकाळ-संध्याकाळ ते गोठ्याच्या आवारात दहा पावलांवर घमेले पालथे घालून बसत, घोडीकडे अर्धी पाठ करून. सुतळ्या वळत, विळ्याला धार लावत, नाही तर काहीच करत नसत. घोडी कान टवकारून बघत राही. मग एखाद्या वेळी ती एक पाऊल पुढे टाकी, आणि तिने पाऊल टाकले रे टाकले की हे उठून निघून जात. आम्हाला हा प्रकार सुरुवातीला हास्यास्पद वाटला. जवळ येते आहे तर थांबायला नको का? पुष्कळ दिवसांनी उलगडा झाला. तिने जवळ यावे आणि त्याबद्दल तिच्याकडून काहीही वसूल होऊ नये, हा त्यातला सगळा मुद्दा होता. आजवर तिचे प्रत्येक पाऊल तिच्यावर उलटले होते. आता पाऊल टाकले की समोरचा माणूसच जागा सोडून देतो, हा तिला आलेला नवाच अनुभव. सतराव्या दिवशी तिने मागून येऊन त्यांच्या खांद्याचा वास घेतला. त्यांनी मान वळवली नाही. आणखी काही दिवसांनी त्यांचा हात प्रथम लागला तो तोंडाला लागला नाही, कपाळालाही नाही. आयाळ जिथे संपते त्या खांद्याच्या उंचवट्यावर लागला. घोडे एकमेकांना दातांनी खाजवतात ती ही जागा. मग गोणपाटाचा खरारा आला. लगाम खुंटीला टांगलेला होता तो तसाच राहिला; तिला फक्त मोरकी घातली.

हे सरळ रेषेत घडले असे मात्र समजू नये. मधे एकदा घरातल्या एका तरुणाने गमतीने टॉवेल झटकला, आणि घमेले पुन्हा दहा पावलांवर गेले. ते अकरा दिवस तिथेच राहिले. त्या तरुणाला कुणी रागावले नाही, याचे आम्हाला त्या वेळी वैषम्य वाटले होते. आता वाटत नाही. त्या आवारात कुणी मोठ्याने रागावलेले तिला परवडण्यासारखे नव्हते.

आता शेगावहून थोडे दूर जाऊ. १८५८ साली लंडनमध्ये जॉन रेरी नावाच्या अमेरिकन अश्वशिक्षकाने खळबळ उडवून दिली होती. क्रूझर नावाचा एक वळू घोडा इतका भयंकर समजला जात होता की त्याच्या तोंडाला लोखंडी मुसके घातलेले असे. रेरीने तीन तासांत त्याला माणसाळवले. राणी व्हिक्टोरियासमोर त्याचे प्रयोग झाले, सरदार-उमरावांनी पैसे भरून त्याची विद्या शिकून घेतली. रेरी चाबकाच्या विरुद्ध होता, दयेचा पुरस्कर्ता होता, आणि त्या काळाच्या मानाने तो खराच दयाळू होता हे मान्य करायला हवे. पण त्याची रीत काय होती? घोड्याचा एक पुढचा पाय दुमडून पट्ट्याने बांधायचा, मग दुसरा, तीन पायांवर, दोन पायांवर झुंजून झुंजून घोडा थकला की तो आडवा होतो. आडवा झाला की त्याला गोंजारायचे, अंगभर हात फिरवायचे, आणि अखेरीस त्याच्या मागच्या खुरांशी आपले डोके ठेवून दाखवायचे. या शेवटच्या दृश्याला प्रेक्षक टाळ्यांचा कडकडाट करीत.

खुरांशी डोके ठेवलेला माणूस लंडनमध्ये आहे आणि शेगावातही आहे. चित्र जवळजवळ तेच. फरक एवढाच की लंडनमध्ये आधी घोडा आडवा केलेला आहे. शेगावात घोडा चारी पायांवर उभा आहे, खूर मोकळे आहेत, साखळी टाकळीला राहिली आहे, आणि आडवा झालेला आहे तो माणूस. आम्हाला सबंध नवव्या अध्यायाचे मर्म या एका फरकात दिसते. एवढी वर्षे या जिल्ह्यात घरोघर पारायणे होत असताना हा फरक कुणी सांगितल्याचे आमच्या कानावर आलेले नाही.

रेरीच्या घोड्याला काय झाले असावे, याचा एक अंदाज पुढच्या शतकात मिळाला. १९६७ मध्ये मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी कुत्र्यांवर प्रयोग केले. ज्यांना विजेचे झटके कोणत्याही उपायाने टाळता येत नव्हते, त्या कुत्र्यांपैकी बरेचसे पुढे सुटकेची वाट मोकळी असतानाही जागचे हलेनात. शिकलेली असहायता असे त्या अवस्थेला म्हणतात. बाहेरून पाहणाऱ्याला ती शांतीसारखी दिसते. जत्रेत खाटेवर चढून नाचणारा, धन्याच्या इशाऱ्यावर धुळीत लोळणारा घोडा पाहून 'काय शहाणे जनावर आहे' म्हणणाऱ्या मंडळींनी हा प्रयोग एकदा वाचावा.

दुसरा एक प्रयोग याहून निरुपद्रवी आणि आम्हाला अधिक प्रिय आहे. स्वीडनमध्ये लिंडा कीलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो २००९ मध्ये प्रसिद्ध केला. माणसांनी घोड्याला एका ठरावीक वाटेने चार वेळा न्यायचे. चौथ्या खेपेपूर्वी माणसाला सांगायचे की आता घोड्याच्या अंगावर छत्री उघडली जाईल. छत्री कुणीच उघडली नाही. पण ती उघडणार या कल्पनेने माणसाच्या हृदयाचे ठोके वाढले आणि त्याच्याबरोबर घोड्याचेही वाढले. घोड्याला छत्रीविषयी कुणी काही सांगितलेले नव्हते. म्हणजे घोड्यापुढे न भिण्याचे सोंग करता येत नाही. आतून घाबरलेला माणूस ओठांनी कितीही चुचकारो, घोडा त्याच्या ओठांकडे लक्ष देत नाही. त्या रात्री शेगावात जो माणूस खुरांमध्ये झोपी जाऊ शकला, त्याच्या ठायी दैवी शक्ती होती असे ज्यांना मानायचे असेल त्यांनी अवश्य मानावे. पण तो झोपला होता, आणि झोपलेला माणूस घोड्याला काहीच मागत नाही, ही गोष्ट दैवी शक्तीहून आधी येते. खामगावचे आमचे गृहस्थ घमेल्यावर पाठ करून बसत तेव्हा ते याच रात्रीची साध्या मापाने, हप्त्याहप्त्याने उजळणी करीत होते. त्यांना तसे म्हटले तर ते कानाला हात लावतील.

इथवर आम्ही पोथीच्या बाजूने बोललो. आता तिच्याशी भांडण आहे. त्याच अध्यायात घोड्याला उपदेश होतो: आता खोड्या सोड, बैलासारखा वाग, कुणाला त्रास देऊ नकोस. दुसऱ्या दिवशी मळ्यात तो घोडा दाव्याशिवाय उभा राहतो आणि आसपासच्या भाजीपाल्याला, कोवळ्या गवताला तोंडही लावीत नाही. भाविक या जागी सद्गदित होतात. आम्ही या जागी अस्वस्थ होतो. निरोगी घोडा दिवसाचा फार मोठा भाग चरण्यात घालवतो. हिरवे गवत समोर असून न खाणारा घोडा पाहिला तर आमचे शेतकरी मित्र आधी ढोरांच्या डॉक्टरला बोलावतील. रात्री जे घडले तो विश्वास होता. सकाळपर्यंत कवीने त्याची आज्ञाधारकता करून टाकली आहे. आमचा आक्षेप भक्तीला नाही. तो वाचनाच्या या सवयीला आहे, जिला विश्वासाचा पुरावा म्हणून पुन्हा निमूटपणाच लागतो. आणि बैलासारखा वाग म्हणजे काय? बैलाने वेसण, जू आणि तुतारी सोसून जो समंजसपणा कमावला आहे, तो का आदर्श? दासगणूंच्या प्रतिभेविषयी पूर्ण आदर ठेवून आम्ही म्हणतो की चार पायांतली ती रात्र त्यांच्या हातून कवितेत आली आणि मळ्यातली सकाळ संकेताने लिहिली गेली.

बैलांचा विषय निघालाच आहे तर पोळ्याविषयी सांगून टाकतो. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्या मित्रांनी बैलांचे खांदे हळद-लोण्याने चोळले, आणि वाटीत जे उरले ते उठून घोडीच्या खांद्याला चोळले. डाव्या बाजूने. ती उभी राहिली. आम्ही ते पाहिले, आणि त्याविषयी आणखी काही लिहिण्याची आमची पात्रता नाही.

घोडा उभ्या उभ्या डुलकी घेतो हे सर्वांना माहीत असते. गाढ झोपेसाठी मात्र त्याला आडवे व्हावे लागते, आणि जिवाची खात्री असल्याखेरीज तो आडवा होत नाही, हे फारसे कुणाला ठाऊक नसते. आषाढापासून त्या घोडीच्या कुशीला सकाळी कधी गवताची काडी चिकटलेली दिसली नव्हती. म्हणजे जवळजवळ दोन महिने ती धड झोपलेली नव्हती. पोळ्यानंतरच्या आठवड्यात एका दुपारी आम्ही गेलो तर मित्रांनी ओठांवर बोट ठेवून आम्हाला फाटकातच थांबवले. घोडी आवारात पाय पसरून आडवी पडली होती. घमेले तिच्यापासून हातभर अंतरावर होते आणि त्यावर ते बसलेले होते.

इथे आम्हाला एका आक्षेपाला उत्तर द्यावे लागेल, कारण तो येणारच. हा पश्चिम विदर्भ आहे. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांसाठी २००६ मध्ये पंतप्रधानांना ज्या सहा जिल्ह्यांकरिता खास मदत जाहीर करावी लागली, त्यांत बुलढाणा होता. माणसे मरत असताना घोड्याच्या झोपेची चिंता करणे ही पोट भरलेल्यांची चैन नव्हे काय? आक्षेप जड आहे, आणि तो हसण्यावारी नेणाऱ्यांत आम्ही नाही. पण आमचा अनुभव असा की हा आक्षेप घेणारे बहुधा स्वतः शेतकरी नसतात. ज्यांच्या गोठ्यात ती घोडी होती त्यांचे सोयाबीन त्या वर्षी ज्या भावाने गेले त्यात काढणीचाही खर्च निघाला नाही. त्यांच्या तोंडून हा युक्तिवाद आम्ही कधी ऐकला नाही. आम्ही तो ऐकला वरातीत, डीजेचे बिल भागवणाऱ्यांकडून.

शिवाजी महाराजांनी चिपळूणच्या छावणीतील जुमलेदारांना लिहिलेले पत्र सर्वांना माहीत आहे. रयतेला तसदी देऊ नका, हा त्यातला भाग भाषणात घातल्याशिवाय आपल्याकडे कुणी पुढारी होत नाही. त्याच पत्रात घोड्यांविषयी काळजीने लिहिलेले आहे: दाणा आणि गवत आताच उधळलेत तर पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील, आणि मग ती तुम्हीच मारली असे होईल. रयत आणि घोडे एकाच पत्रात, एकाच चिंतेत आहेत. सिंदखेडराजाच्या जिल्ह्यात हे वेगळे सांगावे लागू नये. पण आपण चौकाचौकांत घोडा उभा केला तो धातूचा, आणि त्याला दाणा लागत नाही.

कायद्याचे म्हणाल तर १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंध कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दहा ते पन्नास रुपये दंड ठेवलेला आहे. काटेरी लगाम १९६५ च्या नियमांनी निषिद्ध केला. पन्नास रुपयांत वरातीवर उडवायच्या नोटांचे बंडलही येत नाही. तेव्हा कायद्याविषयी इतके पुरे.

मार्गशीर्षात त्याच घरातल्या पुतण्याचे लग्न निघाले. आधी ट्रॅक्टरवरून वरात न्यायचे ठरले होते. मग कुणीतरी म्हणाले, घरात घोडी असताना भाड्याची कशाला, आणि ट्रॅक्टर तर मुळीच नको, लोक काय म्हणतील. आमच्या मित्रांनी दोन दिवस नकार दिला. तिसऱ्या दिवशी थोरले भाऊ त्यांच्याशी बोलेनासे झाले. थोरल्या भावाने अबोला धरणे म्हणजे काय, हे ज्यांना कळत नाही त्यांनी या गृहस्थांना दोष द्यावा. आम्ही देत नाही. आम्ही दोष देतो तो स्वतःला. आम्ही त्या लग्नाला होतो. आम्हाला मानाचा फेटा बांधण्यात आला होता. फाटकाबाहेर गाण्याच्या भिंती लागल्या, पहिला ठोका पडला तेव्हा छातीत हादरा बसला, आणि खुंटीवरचा लगाम काढताना आम्ही पाहिला. तोंडून शब्द काढणे शक्य होते. पाहुणा म्हणून आमचे कुणी ऐकलेही असते. आम्ही फेटा सावरला.

तिने कुणाला खाली टाकले नाही. ती नाचलीही नाही. वेशीपासून मंडपापर्यंत ती मान खाली घालून, कान मागे पाडून, सरळ चालत गेली. मंडळींना ते फार आवडले. 'किती शहाणी झाली,' असे एक वयस्क गृहस्थ आमच्या शेजारी म्हणाले, आणि शेगावच्या घोड्याची आठवण त्यांनीच काढली.

दुसऱ्या दिवशी लगाम पुन्हा खुंटीला गेला. घमेले दहा पावलांवर गेले. थंडीचे दिवस असल्याने मित्र आता घोंगडी पांघरून बसतात, आणि आम्ही गेलो की आम्हालाही एक पोते देतात; घोडीकडे पाठ करून बसायचे, बोलायचे नाही. लग्नाला आता सहा आठवडे झाले. रोज सकाळी ते आधी तिची कूस पाहतात. काल संध्याकाळी फोनवर विचारले तेव्हा म्हणाले, "उभीच हाये भाऊ."